खरमासातली परीक्षा

कालपासून कोहरा, म्हणजे इकडचं दाट धुकं, उतरलाय. गल्लीच्या तोंडाशी असलेला विजेचा खांब सकाळी उशिरापर्यंत दिसत नाही, कानपूर रोडवरचे ट्रक नुसत्या हॉर्नवरून ओळखायचे, आणि विमानतळाकडून आज आवाजच नाही, म्हणजे विमानंही जमिनीवर बसून आहेत. लखनौच्या या दिवसांवर लोक फार हळवं होऊन लिहितात. गुलाबी थंडी, नवाबी सकाळ, चौकातली दुधाच्या फेसाची मक्खन मलाई आणि तिच्यात म्हणे रात्रीचं दव. लिहिताना रजईतून एक हात बाहेर काढावा लागतो, यापलीकडे या थंडीने त्यांचं काही वाकडं केलेलं नसतं. मी याच कोहऱ्यात गुडघे फोडून घेतले आहेत. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा मला त्यांच्यापेक्षा थोडा जास्त हक्क आहे, असं मी समजते.

कोहऱ्यासोबत खरमास लागला. महाराष्ट्रातल्या माणसांना हे सांगायला हवं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा हा महिना इकडे अशुभ धरतात. लग्न नाही, साखरपुडा नाही, गृहप्रवेश नाही, नवी गाडी दारात आणायची नाही. आमच्या शेजारच्या आंटींनी एकदा नवा मिक्सर महिनाभर खोक्यातच ठेवला होता आणि चटणी वाटायला रोज आमच्याकडे येत होत्या. आमच्या मिक्सरला खरमास चालत असावा. आम्ही विदर्भातले बौद्ध. मुहूर्त बघणं आमच्या घरात चोरी करण्याच्या पंगतीत बसतं. लहानपणापासून मी या महिन्याची यथेच्छ टिंगल करत आले आणि गंमत अशी, की माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते याच महिन्याच्या जिवावर घडलं.

कारण मैदान. सरोजिनी नगरात, आमच्या कॉलनीपासून चालत जाण्यासारखं, एका क्लबचं मैदान होतं. वर्षभर तिथे क्रिकेट चालायचं आणि लग्नसराईत तंबू लागायचे. एका बाजूला बॅटिंग करणारी पोटं, दुसऱ्या बाजूला पनीर रिचवणारी पोटं. आम्ही पंधरा-वीस मुली रग्बी खेळायला जागा मागत होतो, तर क्लबचे सेक्रेटरी साहेब आमच्याकडे, दारात वर्गणी मागायला आलेल्यांकडे पाहावं तसे पाहायचे. पण खरमासात लग्नं बंद. आणि कोहऱ्यात चेंडू दिसत नाही म्हणून क्रिकेटही बंद. ज्या महिन्यात ती जमीन कुणालाच नको असायची, त्या महिन्यात साहेब उदार होत. "दे दो लड़कियों को," ते माळ्याला म्हणत. जेवणावळ आटोपल्यावर उरलेलं द्यावं तसं आम्हाला ते मैदान मिळे, आणि आम्ही ते घेत असू. आमचा हंगाम असा ठरला होता, पंचांग आणि हवामान या दोन्हींनी टाकून दिलेला.

रग्बी म्हणजे काय, हा प्रश्न मला लखनौत इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता मी उत्तर न देता पुढे चालू लागते. कुश्ती आहे का फुटबॉल? कबड्डीसारखं असतं का? मुलीसुद्धा खेळतात? पँट घालता ना? ज्यांना खरंच ऐकायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. प्रत्येक बाजूला पंधरा जणी, लांबुळका चेंडू, तो हातात घेऊन धावायचं, समोरचीने कंबर धरून पाडायचं. मध्येच दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणी खांदे एकमेकींत अडकवून ढकलाढकली करतात. पहिल्या फळीत तिघी असतात, त्यातली मधली मी. या जागेचं इंग्रजी नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही, म्हणून मी आपली मधलीच म्हणते. त्या ढकलाढकलीत माझा डावा कान सुजून सुजून फुलकोबीसारखा झाला. आई त्याच्यावर माझे केस ओढायची. देशासाठी खेळून मिळालेली माझी सगळ्यात टिकाऊ वस्तू म्हणजे हा कान, आणि घरात तो झाकून ठेवायचा नियम होता.

मैदानावर पहिले दोन दिवस आम्ही खेळत नसू, वेचत असू. लग्नाच्या तंबूवाल्यांनी मागे ठेवलेल्या लोखंडी मेखा, सेफ्टी पिना, कुजलेल्या झेंडूच्या माळा, थर्माकोलच्या वाट्या, कुणाच्या तरी पायातली एकुलती एक मोजडी. तरी एखादी मेख राहायचीच. माझ्या उजव्या गुडघ्याखाली जो व्रण आहे, तो कुणा परदेशी खेळाडूने दिलेला नाही, कुणाच्या तरी शुभविवाहाने दिलेला आहे. आम्हाला शिकवायला छावणीतून सुभेदार साहेब यायचे, फौजेत रग्बी खेळून निवृत्त झालेले. कानटोपी, मफलर आणि शिट्टी, बाकी माणूस कोहऱ्यात गडप. त्यांचा एकच धोशा असायचा, "आँख का भरोसा छोड़ो, आवाज़ दो." चेंडू दिसायचा तोच मुळी नाकासमोर आल्यावर. म्हणून आम्ही ओरडत खेळायला शिकलो. कोण कुठे आहे ते श्वासावरून, चिखलातल्या बुटांवरून, शिवीवरून कळायचं. पुढे उन्हातल्या लख्ख मैदानांवर आम्ही इतक्या का बोलतो, असं इतर राज्यांच्या मुली विचारायच्या. त्यांना काय सांगणार, की बाई, आम्ही एकमेकींना कधी नीट पाहिलेलंच नाही.

माझ्या शेजारच्या जागेवर जेबा असायची. जुन्या लखनौच्या चौक भागातली, घरी चिकनच्या भरतकामाचा धंदा, उंच, हाडापेराने मजबूत, आणि तोंडाने इतकी नम्र की समोरचीला चिखलात लोळवून "लगी तो नहीं आपको?" असं विचारायची. खरमासाचं सोयरसुतक नसलेल्या आम्ही दोघी. बाकीच्या मुलींच्या आयांचं वेगळंच. या महिन्यात नवं काम सुरू करायचं नाही, म्हणून नव्या मुलींना त्या संक्रांतीनंतर पाठवायच्या. तोवर मैदानावर परत तंबू लागलेले असायचे. दरवर्षी असं व्हायचं आणि दरवर्षी कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटायचं नाही.

ज्या खरमासाची आज मला एवढी आठवण येते आहे, त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते आणि भारताच्या संघाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली होती. शिबिरातून संघ निवडला जाणार होता आणि संघ बाहेरदेशी खेळायला जाणार होता. सुभेदार साहेबांनी मैदानावर ही बातमी सांगितली, आणि पुढच्या वाक्यात ठरलेल्या संध्याकाळी शिबिरात हजर नसेन तर नाव कापलं जाईल हेही सांगितलं. त्या वयात मला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. मी कोण आहे असं कुणी विचारलं, तर माझ्या घरच्यांनी मान वर करून सांगावं, ही खेळते. नोकरी, पैसा, फोटो, काही नको होतं. एवढंच.

घरी गेले तर बाबा खुशीत. माझ्या भावाचं, मिलिंददादाचं लग्न ठरलेलं होतं, आणि बाबांनी त्यासाठी जागा पक्की केली होती. आमचंच मैदान. खरमासातच. शिबिराच्या आधीच्या आठवड्यात तिथे तंबू लागणार होते.

बाबा हे आपला विजय म्हणून सांगत होते. "क्लबचा मॅनेजर म्हणतो, खरमास में शादी? पंडितजी मान गए? मी म्हटलं, भैया, हमारे यहाँ पंडितजी होते ही नहीं. तोंड पाहण्यासारखं झालं त्याचं." अख्ख्या लखनौत त्या महिन्यात एकही लग्न नव्हतं आणि बाबांना हवी ती तारीख, हवी ती जागा, हवा तो आचारी मिळत होता. अंधश्रद्धेला लाथ मारल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. ही लाथ नेमकी माझ्या पेकाटात बसते आहे, हे त्यांना दिसत नव्हतं.

मी सांगितलं. शिबिर, तारीख, मैदान, सगळं एका दमात.

"अच्छा," बाबा म्हणाले. "म्हणजे भावाचं लग्न सोडून तू लोकांच्या पोरींना चिखलात पाडायला जाणार."

"लग्न सोडून नाही. लग्नाच्या संध्याकाळची गाडी आहे."

"आणि पाहुण्यांना काय सांगायचं? अकोल्याहून तुझे मोठे काका येणार. नागपूरची सगळी मंडळी येणार. त्यांना सांगू, आमची एम.ए. झालेली पोरगी मित्रा हाफ पँट घालून धक्काबुक्की करते?"

"भारताकडून," मी म्हटलं.

"यार मित्रा, एक दिन की बात है," दादा मध्ये पडला. तो भांडण सोडवायला नेहमी हिंदीत यायचा. आईने माझे केस कानावर ओढले.

इथे बाबांना न्याय द्यायला हवा, द्यायची इच्छा नसली तरी. माझे आजोबा अकोल्याला जिनिंगच्या कारखान्यात कापसाने भरलेली बोंदरं पाठीवर उचलायचे. त्यांच्या दोन मुलांपैकी धाकटा, म्हणजे बाबा, एका परीक्षेच्या जोरावर तिथून उठला आणि टेलिफोन खात्यात लागून लखनौला आला. मोठे काका शाळामास्तर झाले, तेही परीक्षेनेच. आमच्या घरात देवाची जागा रिकामी होती असं कुणी समजू नये, तिथे परीक्षा बसलेली होती. एवढ्या मोठ्या माणसांनी एवढ्या हालांतून आम्हाला पुस्तकापर्यंत आणलं, आणि पोरगी पुस्तक सोडून चेंडूमागे धावते. बाबांना त्याची लाज वाटायची. मला ते कळायचं. कळलं म्हणून कमी लागतं, असं मात्र कुणी सांगू नये.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आम्ही कुठे सराव केला असेल? तंबूच्या मागे, आचाऱ्याच्या भट्ट्यांच्या आणि टँकरच्या मधे जी पट्टी उरली होती, तिथे. जेबा म्हणाली, "आपके भाई की शादी है, हम लोग घरवाले हुए." मुलींनी माझ्याच घरच्या लग्नाच्या मेखांना अडखळत धावायचा सराव केला. सुभेदार साहेबांनी एक शब्द वावगा काढला नाही. त्यांचं ते गप्प बसणं मला आमच्या घरातल्या सगळ्या बोलण्यापेक्षा बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी असा कोहरा पडला की व्यासपीठावरून मंडपाची कमान दिसेना. महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्या कुठे कुठे उभ्या होत्या. नवरी आदल्या दिवशीच आली होती म्हणून बरं. धम्मविधी करायला यायचे ते भन्तेजी कानपूरच्या अलीकडे अडकले. अकोल्याची मंडळी त्यांच्या मागच्या गाडीत. सकाळचं लग्न दुपारवर गेलं, दुपारचं आणखी पुढे. कॉलनीतले लोक आले, कारण जेवणाला खरमास लागत नाही, पण आहेराची पाकिटं आणली नाहीत, कारण आहेर हे शुभकार्य. त्यांचं पोट आणि त्यांचं पंचांग यांच्यात कधीच भांडण झालेलं मी पाहिलं नाही. रिकाम्या खुर्च्यांवर माझ्या संघातल्या मुली ओळीने बसल्या होत्या, ठेवणीतले सूट घालून, ओठ फुटलेल्या, नखं तुटलेल्या. त्यांनीच जिलब्या संपवल्या, त्यांनीच आईला खुर्च्या लावायला मदत केली.

मंडळी पोचली, भन्तेजी पोचले, त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. माझी गाडीही उशिरा होती, म्हणून मला सगळं पाहायला मिळालं. मग मी पाठीवर सॅक घेऊन निघाले, तर मोठ्या काकांनी पाहिलं.

"काहून पोरी, भावाचं लग्न अन् तू कुठं चालली?"

मी तोंड उघडलं. मी काही सांगण्याआधी बाबा बोलले. हातात माइक होता, नुकतेच पाहुण्यांचे आभार मानत होते, तो त्यांनी खाली केलाच नाही. "आमची मित्रा परीक्षेला निघाली आहे," ते म्हणाले. "केंद्र सरकारची मोठी परीक्षा आहे. सगळ्यांनी आशीर्वाद द्या."

मंडपात टाळ्या सुरू झाल्या. अकोला, नागपूर, वर्धा, सगळे टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मोठे काका माझ्याजवळ आले, आपल्या खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला, त्यांचे डोळे भरले होते. "एक प्रश्न दोनदा वाचजो," ते म्हणाले. "घाई नको करू." माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या. पुढे मी बाहेरदेशी राष्ट्रगीताला उभी राहिले तेव्हा स्टँडमध्ये जेवढी माणसं होती, त्यांच्या कितीतरी पट माणसांनी मला त्या मंडपात, नसलेल्या परीक्षेसाठी, डोक्यावर घेतलं.

जेबाला आमचं मराठी समजायचं, मैदानावर माझ्या तोंडून ऐकून ऐकून. ती स्टेशनपर्यंत आली. रिक्षात म्हणाली, "कौन सा इम्तिहान दे रही हैं आप? हमें तो बताया ही नहीं." मी हसले, आणि हसता हसता रडले, आणि तिने मफलर पुढे केला. त्या क्षणी बाबांबद्दल मला जे वाटलं, त्याला राग हा फार सभ्य शब्द आहे.

शिबिरात मी वेळेत पोचले आणि संघात आले. पहिला सामना एका दमट शहरात झाला, आम्ही हरलो, समोरच्या मुलींच्या मांड्या आमच्या कमरेएवढ्या होत्या. मी पहिल्याच ढकलाढकलीत मान खाली घातली तेव्हा ओल्या गवताचा आणि कुणाच्या तरी बामचा वास आला, आणि माझ्या मनात आलं, हे खरं आहे, हे माझं आहे. त्या सामन्याबद्दल आणखी काही सांगायला गेले तर मीही रजईतून हात काढून लिहिणाऱ्यांसारखी होईन.

घरी आले तर अकोल्याचा फोन. रिझल्ट काय? बाबांनी माझ्याकडे पाठ करून सांगितलं, "थोडक्यात गेलं."

आणि मग ते सुरूच झालं. पुढचा दौरा, पुढची परीक्षा. शिबिर म्हणजे कोचिंग क्लास. संघातून एकदा वगळली गेले, ती मुलाखत राहिली. खोटं बोलायचीही एक शिस्त असते, बाबांनी ती शेवटपर्यंत पाळली. मी आठ-नऊ वर्षं भारताकडून खेळले आणि आमच्या नात्यागोत्यात आठ-नऊ वर्षं नापास होत राहिले. काकू म्हणाल्या, इंग्रजी कच्चं असेल. मामी म्हणाल्या, डोक्यावर ताण घेते. काकांनी अकोल्याहून गाइडं पाठवली, समासात स्वतःच्या हाताने खुणा करून. एका सामन्यात माझी भुवई फाटली, टाके पडले, तर बाबांनी सांगितलं, अभ्यास करता करता झोप लागली आणि टेबलावर आपटली. त्यावर काकू रडल्या. इतकी मेहनत करते पोरगी आणि यश नाही.

मी स्वतः का नाही सांगितलं? सांगितलं की. काकूंना फोनवर सांगितलं, काकू, मी खेळते. "हो बाळा, खेळावं थोडं," त्या म्हणाल्या, "मन मोकळं होते. पण अभ्यास सोडू नको." भारताच्या जर्सीतला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली पहिला अंगठा, दुसरा अंगठा, मग काकांचं, "ऑफिसचा स्पोर्ट्स डे होता वाटते. छान." हा खेळ टीव्हीवर नाही, पेपरात आला तर दोन ओळी, त्यातही नाव चुकलेलं. अशा गोष्टीला पुरावा कुठला आणणार? देशाकडून खेळणारी माणसं कशी दिसतात हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. ती जाहिरातीत दिसतात, सरोजिनी नगरात मटार आणायला जाताना दिसत नाहीत.

ज्यांना माहीत होतं, त्यांचं काय मोठं होतं म्हणा. एका विजयानंतर आमचा सत्कार झाला. पदाधिकारी महाशयांनी मुली आता कुठेच मागे नाहीत हे वाक्य तीन वेगवेगळ्या चालींत म्हटलं आणि मला हार घालताना विचारलं, "बेटा, आप गोलकीपर हैं न?" रग्बीत गोलकीपर नसतोच. शहरातल्या मराठी मंडळाने हळदीकुंकवाला बोलावलं, चार शब्द बोलायला. मी बोलले. त्यानंतर एका बाईंनी माझा दंड दाबून पाहिला, बाजारात दुधी दाबतात तसा, आणि म्हणाल्या, "वजन उतरवा, मग छान दिसाल." मी तिथला तिळगूळ न खाता निघून आले. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता खेळणं थांबलंय. खांदा गेला. मी एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. नातेवाइकांच्या हिशेबी कथेला साजेसा शेवट झाला. परीक्षा जमल्या नाहीत, शेवटी पीटी टीचर झाली, चला, कुठेतरी लागली. जेबा छावणीजवळच्या एका शाळेत तेच करते. खरमासात आम्ही दोघी मुली घेऊन त्याच मैदानावर जातो. सेक्रेटरी नवे आहेत, उदारपणा तोच आहे.

काल दुपारी मैदानावरून आले तेव्हा बाबा हीटरपाशी बसले होते, मी समोर मटार सोलायला घेतले. बाबा निवृत्त झालेत, ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर लावतात. मोठ्या काकांचा फोन आला. त्यांचा नातू रोहन कसल्याशा परीक्षेत नापास झाला होता आणि खोलीचं दार लावून बसला होता. (त्याच्याशी मी नंतर बोलले. जेवला, बरा आहे.)

"मित्रा घरी हाये का?" काका म्हणाले. "तिले दे जरा. रोहन्या कोणाचंच ऐकून नाही राहिला. म्हटलं, ती समजावून सांगन. तिले अनुभव हाये."

बाबांनी फोन स्वतःकडेच ठेवला. मी शेंग फोडली.

"इतकी वर्षं आपटत राहिली बिचारी, पण हसत राहिली. तेच सांग म्हणा त्याले. नाही तं खरं सांगू का, याचं तिच्यासारखंच होते का काय, असं भेव वाटून राहिलं मले."

"दादा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "ती नापास नाही झाली."

"अरे, मी काय दोष देऊन राहिलो का तिले?"

"परीक्षा दिलीच नाही तिने. एकही नाही. मी खोटं सांगत होतो. ती खेळत होती. भारताकडून. रग्बी म्हणून खेळ आहे."

"काय म्हणून?"

"रग्बी. पहिल्या फळीत तिघी असतात, त्यातली मधली ही. आणि चेंडू रेषेबाहेर गेला की आत फेकायला हीच असायची. डोक्यावरून, दोन्ही हातांनी. फार सरळ फेकायची."

माझे हात थांबले. हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मोबाइलवर, माझ्या पाठीमागे, कधीतरी आमच्या सामन्यांचे व्हिडिओ शोधून त्यांनी ते पाहिलं होतं, एकदा नाही, फेक सरळ आहे हे कळण्याइतक्या वेळा. पाहिलं होतं, आणि तरी दर वेळी थोडक्यात गेलं म्हणून सांगत राहिले होते. एखादी भली मुलगी या जागी विरघळली असती. मला इतका संताप आला की ताटातले मटार दिसेनात.

तिकडून काका आजाऱ्याशी बोलतात तसं हळू बोलले. "बरं, बरं. तू म्हणतो तसं. मनाले नको लावून घेऊ रे. लेकरासाठी बोलते माणूस असं. बापच हाये तू." आणि त्यांनी फोन ठेवला.

बाबा फोन हातात घेऊन बसून राहिले. "त्याला पटलं नाही," ते म्हणाले. "त्याला वाटतं, तुझी बाजू घ्यायची म्हणून मी खोटं बोलतोय."

"पटणार कसं?" मी म्हटलं. "तुम्हाला माझी बाजू घेताना कधी पाहिलंय का त्यांनी?"

बाबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि परत नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्यांनी तो कापून पुन्हा लावला. मी अडवलं नाही. लावू देत. दहा वेळा लावावा लागला तरी लावू देत.